मशीनला ऊन लागतं

"आता हा एसी काढून टाका. नव्या कंट्रोलला एसी लागत नाही," सबनीस हात पुसत म्हणाले, आणि काचेच्या केबिनमध्ये सुतक पडल्यासारखं झालं.

सबनीसांना वाटलं होतं, लोक टाळ्या वाजवतील. पुण्याहून येऊन, लॉजवरच्या ढेकणांशी झुंजत त्यांनी लोटन चौधरींच्या जुन्या सीएनसी मिलिंग मशीनचं डोकं बदललं होतं. मशीन जर्मन, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलेलं. अंगानं ते अजून पहिलवान होतं. पण कुठे किती कापायचं हे त्याला सांगणारा कंट्रोल म्हणजे लोखंडी कपाटाएवढं धूड होतं आणि ते दिवाळीपासून भ्रमिष्टासारखं वागायला लागलं होतं. सरळ जा म्हटलं की मधेच थबकायचं आणि थांब म्हटलं की पुढे सरकायचं. आता त्या धुडाच्या जागी टीव्हीसारखा छोटा पडदा, बटणं आणि मशीनच्या पाठीशी एक आटोपशीर पेटी आली होती.

पण ते जुनं धूड लाडावलेलं होतं. खोली जरा तापली की त्याला काही सुधरायचं नाही. म्हणून लोटनभाऊंनी जळगावच्या एमआयडीसीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीनभोवती काचेची केबिन उभारली आणि तिला एसी बसवला. त्या काळात जळगावात एसी बँकेच्या साहेबाकडेसुद्धा नव्हता. आणि जळगावचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काही पाहुणं नव्हे. ते बिऱ्हाड करूनच राहतं. त्यामुळे गेल्या काही उन्हाळ्यांत मशीनवर लक्ष ठेवण्याची सगळ्यांनाच मोठी काळजी लागून राहिली होती.

लोटनभाऊंचे वडील झुलाल नाना दुपारी जेवण झालं की केबिनमधल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत. शेजारच्या डाळ मिलचे तोतारामशेठ "जरा मशीन बघून येतो" म्हणून येत आणि डोळे मिटून मशीन बघत. ऑपरेटर चिंधा तर हक्काचाच. पोस्टमनसुद्धा एका पोस्टकार्डासाठी चांगला अर्धा तास टेकायचा. त्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी सबनीसांच्या एका वाक्यानं पळालं.

"म्हंजे आते त्याले गरम होतच नही?" नानांनी विचारलं. नाना एरंडोलकडचे. जळगावात येऊन वीस उन्हाळे झाले, तरी त्यांची बोली गावचीच राहिली होती.

"नाही नाना. हा नव्या जमान्याचा कंट्रोल आहे. फक्त हवा खेळती हवी. त्यासाठी पेटीच्या मागे ही जाळी ठेवलीय, आत छोटा पंखा आहे. बस्स."

नानांनी वाकून जाळी पाहिली. पंखा मंद आवाजात हवा आत ओढत होता.

"नाक शे त्यानं," ते म्हणाले.

खूश झाला तो एकटा लोटन. त्याची बायको प्रमिलाबाई लग्नापासून एकच गोष्ट ऐकवत आली होती: "त्या लोखंडाला थंडगार ठेवता, अन् मी चुलीपुढे भाजून निघते." संध्याकाळी हातगाडीवर घालून एसी घरी गेला, तेव्हा प्रमिलाबाईंनी त्याला कुंकू लावलं आणि नवऱ्याला साखर जास्त घालून चहा दिला. शेजारच्या बायका दारात येऊन बघून गेल्या.

नानांसाठी लोटननं केबिनमध्ये चाकांचा मोठा लोखंडी कूलर आणून ठेवला. वाळ्याचा, पाण्याचा, घरघर करणारा. तसं तो नानांना घरीच थांबा म्हणाला होता. पण नाना ऐकेनात. नानांची घरवाली जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरातली दुपार त्यांना सरता सरत नसे. इथे निदान मशीनचा आवाज होता. तोतारामशेठ आणि पोस्टमन यांचं मशीनवरचं प्रेम मात्र एसीबरोबरच हातगाडीवर चढून निघून गेलं.

आता एक सांगायला हवं. धुळ्याच्या रतिलालशेठना ठिबक सिंचनाच्या जोडण्यांचे साचे करून हवे होते. आजवर ते नाशिकला जात. "नव्या कंट्रोलवर माझ्यासमोर एक साचा कापून दाखवा. जमलं तर सगळं काम जळगावला, नाही जमलं तर नाशिक आहेच," असं त्यांनी सांगितलं होतं. ते काम मिळालं तर लोटनचा कारखाना मार्गी लागणार होता. नाही मिळालं, तर नव्या डोक्याचं जुनं मशीन घेऊन कोणाच्या दाराशी जायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. चाचणी पुढच्या सोमवारी ठरली. सबनीस तेव्हा पुन्हा येणार होते.

सबनीस पुण्याला पोहोचले नसतील, तोच चिंधा धावत ऑफिसात आला.

"भाऊ, मशीन बंद पडनं!"

"काय केलंस?"

"काहीच नही करं! जेवाले गऊ तंव्हा बरं चाली राह्यनं व्हतं. येऊन देखं तं पडद्यावर अलार्म."

लोटन केबिनमध्ये गेला. नाना खुर्चीत बसले होते. कूलर घरघरत होता, पण त्याचं तोंड नानांकडे नव्हतं. मशीनच्या पाठीकडे होतं. लोटनला ते दिसलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. त्याच्या डोक्यात एकच विचार आला: तापलं. पुण्याचा माणूस पुण्याच्या हवेवरून बोलला.

संध्याकाळी मशीन आपोआप चालू झालं. सकाळीही छान चाललं. दुपारी पुन्हा बंद.

"देखा भाऊ," चिंधा म्हणाला, "ऊन चढनं का बंद, उतरनं का चालू. लहान पोऱ्यालेबी समजी!"

हा हिशोब इतका सरळ होता की त्यावर शंका घ्यायचं कोणाला सुचलं नाही. नानांनी तर आधीच ओळखलं होतं. एसी गेला त्या दिवसापासूनच चिंधा जेवायला गेला की ते कूलर ढकलत मशीनमागे नेत आणि त्याचा झोत बरोबर नाकावर धरत. आता लोटननंही हुकूम सोडला, "कूलर दिवसभर मशीनवरच राहू दे. आणि पाणी गार घाल." कूलरमध्ये बर्फाची लादी पडली. मशीन आता दुपारपर्यंतही थांबेना, अकरालाच बंद पडायला लागलं. मग केबिनच्या काचांना आतून ओली पोती टांगली. त्या दिवशी तर ते सकाळचा चहा होईपर्यंतच चाललं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं. फरक इतकाच की इथे औषधानंच रोग वाढत होता.

लोटननं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला.

"साहेब, मशीन थांबतंय."

"केव्हा थांबतं?"

"आधी दुपारी थांबायचं. आता कधीही."

"हं. केबल ढिली झाली असेल. तिथे तुम्ही काही वेगळं करताय का?"

लोटननं बूथच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. तुमच्या शब्दावर विश्वास नाही म्हणून आम्ही मशीनला ओल्या पोत्यांत बसवलंय, हे पुण्याच्या इंजिनिअरला कसं सांगायचं? "छे, काही नाही," तो म्हणाला.

"उष्णतेचा काही संबंध नाही, एवढं डोक्यातून काढा, लोटनभाऊ."

"काढलं साहेब. अजिबात संबंध नाही," असं म्हणून लोटननं फोन ठेवला आणि परत येताना कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन आला.

सोमवारी सकाळी सबनीस आले. त्यांच्या नजरेस काही पडू नये म्हणून रविवारीच पोती काढून काचा पुसून ठेवल्या होत्या आणि कूलर तोतारामशेठच्या डाळ मिलमध्ये लपवला होता. सबनीसांनी केबली तपासल्या, मशीन चालू केलं. ते चाललं. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले, पत्रे कडकड वाजायला लागले, तरी मशीन आपलं चालतंच आहे. लोटन आणि चिंधा एकमेकांकडे बघत राहिले.

"याला काय धाड भरलीय?" सबनीसांनी विचारलं.

"तुम्ही आलात ना साहेब," लोटन म्हणाला. "पेशंट डॉक्टरला बघूनच बरा होतो."

दुपारी रतिलालशेठ धुळ्याहून मोटारीनं आले. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. कैरीचं पन्हं पिऊन त्यांनी खिशातून स्वतःचं मोजमापाचं साधन काढलं आणि मशीनसमोर उभे राहिले. "चालू द्या," ते म्हणाले.

पोलादाचा ठोकळा बांधला गेला. चिंधानं हळदकुंकू वाहून बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावायला लागले, मशीन साचा कोरायला लागलं. रतिलालशेठ कमरेवर हात ठेवून वाकून बघत होते. लोटनला आज पहिल्यांदाच घाम आला नव्हता. सगळ्यांचे डोळे मशीनच्या पुढच्या बाजूला होते.

मागच्या बाजूला नाना होते.

नानांना काही कळेनासं झालं होतं. इतके दिवस पोती, बर्फ, कूलर असे लाड. आणि आज धुळ्याचा पाहुणा आलाय, मशीनची परीक्षा आहे, तर सगळं काढून घेतलेलं. पोरं घाबरून विसरली असतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते कोपऱ्यातल्या माठाशी गेले, डोक्याला गुंडाळलेला मोठा बागायती रुमाल सोडला, माठात चांगला बुचकळला आणि न पिळता मशीनच्या नाकावर पसरून ठेवला. आतल्या पंख्यानं तो घट्ट ओढून धरला. नाना समाधानानं खुर्चीत येऊन बसले.

साचा अर्ध्यावर आला आणि मशीन थांबलं. पडद्यावर अलार्म.

रतिलालशेठ ताठ झाले. "काय झालं?"

"काही नाही, काही नाही," म्हणत सबनीस मागे धावले. मग मागून त्यांचा आवाज आला. पुण्याच्या माणसाचा एवढा मोठा आवाज चिंधानं कधी ऐकला नव्हता.

"हे काय आहे?"

ते पुढे आले तेव्हा त्यांच्या दोन बोटांत एक टपटपता रुमाल होता. मागच्या पेटीतून पाणी ठिबकत होतं. रुमाल कोणाचा हे विचारायची गरज नव्हती, कारण केबिनमध्ये उघड्या डोक्याचा माणूस एकच होता.

लोटन नानांकडे वळला. "नाना, हाई काय करं तुम्ही?"

"काय करं म्हंजे?" नाना बुचकळ्यात पडले. "त्याले ऊन लागी राह्यनं व्हतं. तुम्ही त्याना एसी काढी लिन्हा, कोनी काही बोलनं नही. आज कूलरबी लई गयात. पाव्हनासमोर त्यानी कष्ट करानं, आन त्याले जरासं वारंबी नही? डोकं नवं बसाडं, पन आंग तं जुनंच शे ना भो!"

"कूलर? कोणता कूलर?" सबनीसांनी विचारलं.

मग सगळंच बाहेर आलं. कूलर, बर्फ, पोती, वाळ्याच्या ताट्या. सबनीस ऐकता ऐकता एका लाकडी खोक्यावर बसले. "म्हणजे हे मशीन तापून नाही, भिजून बंद पडत होतं," ते हळूच म्हणाले. "पंखा सगळी ओल आत ओढत होता. आणि तुम्ही त्याला वाफ देत होतात."

लोटनला राग यायला हवा होता. त्याच्या कारखान्याचं भवितव्य त्या रुमालातून टपकत होतं. पण त्याची नजर नानांच्या डोक्यावर गेली. विरळ पांढरे केस, कपाळावरून ओघळणारा घाम. इतके दिवस कूलर मशीनकडे तोंड करून होता, म्हणजे नाना कोणत्या वाऱ्यात बसत होते, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

"आन तुमना डोकाले ऊन लागत नही का?"

"माले काय व्हस? मी तं बठ्ठा जनम उनमाच काढा. मी बोलू तरी शकस. त्याले कुठे बोलता येस?"

लोटननं चिंधाचा रुमाल घेतला आणि वडिलांच्या डोक्याला बांधला.

"पेटीतलं सर्किटचं कार्ड काढून वाळवावं लागेल," सबनीस उठत म्हणाले. "हेअर ड्रायर मिळेल का कुठे?"

"साहेब," लोटन म्हणाला, "जळगावात ड्रायर वर बसवलेला असतो." आणि त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं.

ऑफिसच्या स्लॅबवर प्रमिलाबाईंचे बिबडे वाळत होते. घरच्या गच्चीवर लिंबाची सावली पडते म्हणून दर उन्हाळ्यात ज्वारीचे हे पापड कारखान्याच्या स्लॅबवर येत. सबनीसांनी कार्ड कोरड्या फडक्यानं टिपलं, नको नको म्हणत बिबड्यांच्या खाटेवर ठेवलं आणि वरून धुळीसाठी पातळ कापड घातलं. पुण्यात हे कोणाला सांगू नका, असंही ते म्हणाले.

रतिलालशेठ जिन्याच्या सावलीत बसले होते. ते आता निघतील, मग निघतील म्हणून लोटनचा जीव टांगणीला लागला होता. पण शेठनी हात लांब करून अर्धवट वाळलेला एक बिबडा उचलला, तोंडात टाकला, आणि मग दुसरा. "आमची आई असेच करायची," ते म्हणाले. खाटेची एक कड रिकामी होईपर्यंत त्यांनी नाशिकचं नाव काढलं नाही.

उन्हं कलली तेव्हा सबनीसांनी कार्ड परत बसवलं, पेटी कोरडी केली आणि मशीन होतं तिथून पुढे चालू केलं. या वेळी नानांची खुर्ची पुढच्या बाजूला, लोटनच्या डोळ्यांसमोर होती. साचा कापून पूर्ण झाला. रतिलालशेठनी स्वतःच्या साधनानं सगळीकडून मोजला, चष्मा पुसून पुन्हा मोजला.

"लोटनभाऊ," शेवटी ते म्हणाले, "हे मशीन खान्देशीच दिसतंय. पाण्यानं आजारी पडतं आणि उन्हानं बरं होतं. बाकीचे साचे पाठवून देतो. आणि थोडे बिबडे बांधून द्या."

शेठची मोटार फाटकाबाहेर पडल्यावर लोटननं सबनीसांना बाजूला घेतलं.

"साहेब, एक खोटं बोलाल का?"

"काय?"

"आमच्या घरी येऊन सांगायचं, नव्या कंट्रोलला एसी लागतो."

सबनीस दुखावल्यासारखे झाले. "लोटनभाऊ, एसी लागत नाही हेच तर याचं वैशिष्ट्य आहे! माझी कंपनी यावरच उभी आहे."

"मशीनला लागत नाही हो. नानांना लागतो. पण नानांसाठी म्हटलं तर नाना घेणार नाहीत. आणि आल्या एसीला परत पाठव, हे बायकोला सांगायची माझी छाती नाही."

सबनीसांनी काचेतून नानांकडे पाहिलं. ते थांबलेल्या मशीनला हात लावून बघत होते, तापलंय का ते. "चला," सबनीस म्हणाले.

स्कूटरवर लोटननं त्यांच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. दार प्रमिलाबाईंनी उघडलं आणि सबनीसांनी पुढचा-मागचा विचार न करता, चपलाही न काढता म्हणून टाकलं, "वहिनी, सांगायला फार वाईट वाटतं, पण त्या कंट्रोलला एसी लागतोच. माझी चूक झाली."

प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदरानं कपाळ टिपलं.

"लागतो ना? नक्की लागतो ना, भाऊ?"

"नक्की."

"देव पावला!" त्या मटकन खाली बसल्या. "अहो, हे धूड आल्यापासून घराची धर्मशाळा झाली! दुपार झाली की शेजारची मंजुळाबाई येते, तिच्या दोन जावा येतात, कोणी शिवण आणतं, कोणी लेकरू आणतं. तुमचे तोतारामशेठसुद्धा काल बायकोला शोधत आले, अन् बसले ते पाच वाजेपर्यंत उठले नाहीत. पोस्टमन तर टपालाशिवाय येतो! सगळ्यांना सरबत करता करता मी तिकडे स्वयंपाकघरात उकडून मरते. एसी असून मला त्याची झुळूक लागली असेल तर शपथ!"

लोटननं आत पाहिलं. खिडकीतून काढलेला एसी दोरीनं बांधून जमिनीवर तयार ठेवला होता.

"पण काढला का, असं मंजुळाबाईंनी विचारलं तर काय सांगू, याचाच घोर होता," असं म्हणत प्रमिलाबाई उठल्या. "चला भाऊ, आत्ता म्हणालात तसंच तिला येऊन सांगा. तुम्ही पुण्याचे, तुमचं ती ऐकेल."

सबनीसांनी तेच वाक्य शेजारच्या घरात पुन्हा म्हटलं. या वेळी त्यांना ते चांगलंच जमलं.

दुसऱ्या दिवशी एसी केबिनच्या भोकात परत बसला. मशीन काल जसं चालत होतं तसंच आजही चालत राहिलं. त्याला काही फरक पडला नाही. दुपारी तोतारामशेठ आपली खुर्ची घेऊन "जरा मशीन बघायला" हजर झाले. त्यांच्यामागोमाग पोस्टमन आला.

लोटन केबिनचं दार ढकलून आत आला. नाना वेताच्या खुर्चीत रुमाल अंगाभोवती गच्च लपेटून बसले होते.

"कसं वाटस नाना? बरं शे ना?"

"माले तं थंडी वाजी राह्यनी भो," नाना कुडकुडत म्हणाले. "पन करसू काय? त्याले लागस ना!"